बंदरावरचा वड आणि आमचं सेक्शन

रस्ते खात्यातून रिटायर झालेल्या माणसाकडे दोनच गोष्टी उरतात. एक गुडघेदुखी आणि दुसरे किस्से. गुडघ्यांबद्दल ऐकून घ्यायला घरातलंसुद्धा कोणी तयार नसतं, म्हणून मग किस्से सांगावे लागतात. ते मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गटारात पाचोळा साचतो तसे आपोआप साचतात, आणि कोणी उपसायला बसलं की वास येईपर्यंत निघत राहतात!

मी श्रीवर्धन भागातल्या एका सेक्शनला कारकून होतो. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. स्वातंत्र्य नुकतंच आलेलं होतं, रस्त्यांवर डांबर अजून यायचं होतं. खातं रस्त्यांचं, पण माझे निम्मे किस्से झाडांचे आहेत, कारण आमच्याकडे रस्ते कमी आणि रस्त्याकडेची झाडं जास्त होती.

झाडांचं प्रकरण सुरू झालं ते एका वादळामुळे. त्या वादळात बोर्लीच्या रस्त्यावर एक जुनी चिंच आडवी झाली. वादळात चिंचा पडतात, त्यात काही विशेष नाही. पण ह्या चिंचेपलीकडे अडकले कोण? आमचे मोठे साहेब, जीपसकट! दुसरं कोणी अडकलं असतं तर दोन कुऱ्हाडी पाठवून विषय संपला असता. साहेब अर्धा दिवस उपाशी बसले आणि हुकूम निघाला: रस्त्याकडेचं प्रत्येक मोठं झाड वादळाला टिकेल असं करा, नाहीतर तोडा.

तोडायला अक्कल लागत नाही. टिकवायला लागते, आणि ती आमच्या सेक्शनमध्ये फक्त ओव्हरसियर दातारांकडे आहे असं दातारांचं मत होतं. दातार मूळचे पुण्याचे. झाडांचं विलक्षण वेड. त्यांच्या हाताखाली मुकादम राघो. राघोने आयुष्यात कुठल्याही साहेबाला "न्हाय" म्हटलं नाही, आणि सांगितलेलं काम सांगितल्यासारखं कधी केलंही नाही.

* * *

रस्ता जिथे संपतो तिथे बंदर, आणि बंदरावर एक अवाढव्य वड. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राचा वारा खाऊन तो जमिनीच्या बाजूला कललेला. त्याच्या सावलीत मासळी बाजार भरायचा. अगदी बुंध्याला टेकून बसायची ती गोमाबाई कोळीण. तिच्याआधी त्या जागेवर तिची सासू बसायची. वड गेला तर बाजार मागच्या उघड्या मैदानात जाणार, आणि तिथल्या उन्हात दुपारच्या आत मासळी फेकायच्या लायकीची होणार. हे बंदरावरच्या मांजरांनासुद्धा कळत होतं.

मोठे साहेब घाटावरचे. ते वड बघायला आले आणि लांबूनच छडी रोखून म्हणाले, "हे पडणार. तोडा."

दातार म्हणाले, "साहेब, झाड कललंय म्हणजे पडणारच असं नाही. शेंडा विरळ करू, पोकळी बुजवू, कललेल्या बाजूला पारंब्या जमिनीत उतरवून खांब करू..."

"दातार, ह्या झाडाखाली उभा राहून मी बोलणारसुद्धा नाही!" असं म्हणून साहेबांनी खुर्ची भर उन्हात मांडायला लावली आणि मला हुकूम सांगायला सुरुवात केली.

दिवाळीनंतरचं बंदरावरचं ऊन तुम्ही खाल्लंय का? खालून वाळू भाजते, वरून सूर्य. पहिलं वाक्य झालं आणि साहेबांनी खुर्ची जराशी सरकवली. दुसरं वाक्य झालं, आणखी जराशी. आधी त्यांचे बूट सावलीत आले, मग गुडघे, मग पोट. पोट सावलीत आल्यावर साहेबांचा आवाज मऊ झाला. म्हणाले, "ठीक आहे दातार, एक वर्ष देतो. पण वर्षाच्या आत हे झाड पडलं, तर झाडाबरोबर तुमचंही इथलं बिऱ्हाड उचललं म्हणून समजा. खानदेशात पाठवीन!"

गोमाबाई बुंध्याशी सुरमई कापत होती. मान वर न करता म्हणाली, "सायेब, खुर्ची आजून वाईच आत घ्या. म्हंजे दोन वर्सं व्हतील!"

* * *

वडाला हात लावण्याआधी दुसऱ्या झाडावर सराव करावा असं दातारांनी ठरवलं. हरिहरेश्वरच्या रस्त्यावर धर्मशाळेसमोर एक विलायती शिरीष होता, छत्रीसारखा पसरलेला. दातारांनी गँगला त्याच्याखाली उभं केलं आणि समजावलं, "पान दाट असलं की झाडाचं शीड होतं. वारा शिडात भरतो आणि झाड उलथवतो. म्हणून मधूनमधून फांद्या काढायच्या. वारा आरपार गेला पाहिजे. कळलं?"

"कळलं सायेब," राघो म्हणाला.

दातार जेवायला एका भटजींकडे गेले. तिथे उकडीचे मोदक होते, आणि मोदकांनंतर माणसाची जी अवस्था होते ती झाली. डोळा उघडला तेव्हा उन्हं कलली होती. धावत येऊन बघतात तर शिरिषाच्या जागी एक खांब उभा! पान नाही, फांदी नाही. राघो कमरेवर हात ठेवून खाली उभा. म्हणाला, "आता कुठनं बी वारा जाऊ दे सायेब!"

दातार खांबाभोवती एक फेरी मारून आले. "राघो... अरे, हे काय केलंस?"

तेवढ्यात देवळाकडून घरातल्या कोणाचंतरी क्रियाकर्म आटोपून आलेली सात-आठ माणसं समोरून निघाली. सगळ्यांचे गुळगुळीत गोटे. राघोने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "सायेब, हरेश्वराला येऊन डोक्यावर केस ठेवून कोण परत गेलाय?"

* * *

वडाच्या बुंध्यात पुरुषभर उंचीवर एक पोकळी होती. हल्ली म्हणे पोकळीत सिमेंट भरत नाहीत, झाडाला अपाय होतो. त्या काळी मात्र साफ करायची, डांबर फासायचं आणि सिमेंटने बुजवायची अशी पद्धत होती. दातारांनी दिवस ठरवला.

राघो म्हणाला, "सायेब, आत घोरपड हाय." दातारांनी काठी घालून बघितली. घोरपड नव्हती. "मंग नाग असंल. देवाचा हाय, दिसत न्हाय." दातार म्हणाले, "दिसत नाही ना? मग सिमेंटही त्याला दिसणार नाही." राघो म्हणाला, "परवा करू, आज अवस हाय." दातारांनी स्वतः सिमेंट कालवायला घेतलं.

खरी गोष्ट अशी होती की तेव्हा नुकतीच दारूबंदी आली होती, आणि राघोची बाटली त्या पोकळीत वस्तीला होती! हे बाजारातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. फक्त दातारांना माहीत नव्हतं, आणि बंदरावरच्या पोलिसाला. तो पोलीसही गर्दी बघून तमाशा बघायला आला आणि नेमका राघोच्या शेजारी उभा राहिला. राघोने साफसफाईसाठी खांद्यापर्यंत हात पोकळीत घातला.

"काय लागतंय का हाताला?" पोलिसाने विचारलं.

"न्हाय न्हाय! कायसुदिक न्हाय!"

सिमेंट गेलं. शेवटची थापी मारताना राघोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दातारांना इतकं भरून आलं की त्यांनी राघोला खांद्याशी धरलं. "झाडावर इतकी माया करणारा माणूस मी पाहिला नाही," म्हणाले. पुढेही कितीतरी दिवस संध्याकाळी काम सुटलं की राघो वडापाशी यायचा, सिमेंटवर हात ठेवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. परगावचा एक दालदी, म्हणजे मुसलमान मासेविक्या, मासे घ्यायला आला होता, त्याने गोमाबाईला विचारलं, "हा कोणाच्या पाया पडतो?"

"त्याची बाटली थितं देवाघरी गेली," गोमाबाई म्हणाली. "समाधी हाय ती!"

* * *

शेंडा विरळ करायचा मुहूर्त पावसाच्या तोंडावर. आणि पावसाच्या तोंडावर काय येतं? वटपौर्णिमा!

दातार कोयते घेऊन निघाले तर दारात वहिनी आडव्या. दातारवहिनी एरवी गरीब बाई, पण त्या दिवशी उंबऱ्यात दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या. "पौर्णिमा झाल्याशिवाय वडाला कोयता लागायचा नाही. नवऱ्याच्या आयुष्याला लागतो तो."

"अगं, नवरा मीच आहे ना? मी परवानगी देतो!"

"तुमच्या आयुष्यात तुम्हाला काय कळतंय!" वहिनी म्हणाल्या आणि कोयते घेऊन आत गेल्या.

इथे मात्र दातारांनी डोकं चालवलं, हे कबूल केलं पाहिजे. बंदरापर्यंत चालवत नाही म्हणून पुष्कळ बायका वडाची फांदी घरी आणून पुजतात. दातारांनी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शिडी लावून ज्या फांद्या काढायच्या त्यांना चुन्याचं बोट लावलं, आणि राघोकरवी गावोगाव उठवून दिलं की बंदरावरच्या वडाची चुना लावलेली फांदी नवऱ्याला फार लाभते. सकाळी बोर्लीपासून बायका आल्या! राघो वर बसून खुणेच्या फांद्या तोडून खाली देतोय, आणि खाली ही झुंबड. अजून मोठी द्या, अजून पानाची द्या, माझ्या मालकाला दमा आहे त्यांना ती वरची द्या! दुपारपर्यंत शेंडा असा बेताचा विरळ झाला की आमच्या गँगला जन्मात जमला नसता. पौर्णिमेलाच कोयता चालला, आणि चालवायला लावला बायकांनीच. वहिनी दातारांशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

सगळ्यात शेवटी एक बाई पुढे आली आणि वर बघत म्हणाली, "मला वाईच बारकीशी द्या. आनी चुना नको."

मी विचारलं, "बिनचुन्याची कशाला हो बाई? लाभायची नाही."

"जेवडं हाय तेवडं पुरे," ती म्हणाली.

वरून राघो ओरडला, "कोन गं ती?" आणि पानं बाजूला करून बघतो तर त्याचीच बायको!

* * *

राहिल्या पारंब्या. कललेल्या बाजूला पारंब्या जमिनीत रुजल्या की त्यांचे खांब होतात आणि वड त्यावर भार टाकतो. पण बाजारातली पोरं झोके घ्यायची आणि शेळ्या टोकं खायच्या, त्यामुळे एकही पारंबी जमिनीला पोचत नव्हती. दातारांनी जाड बांबू मागवले, त्यांच्या गाठी फोडल्या, आत माती-शेण भरलं आणि एकेका पारंबीचं टोक एकेका बांबूत सोडलं. प्रत्येक बांबूवर खात्याचा शिक्का.

पावसाने उघडीप दिली त्या आठवड्यात सगळे बांबू गायब! दातार कोळीवाड्यात शिरले. बघतात तर अंगणाअंगणात बोंबील सुकत घातलेले, आणि प्रत्येक बोंबील सरकारी बांबूवर उलटा लटकतोय.

दातारांनी गोमाबाईला विचारलं, "हे बांबू कुठून आले?"

"समिंदरातनं व्हावत आले."

"शिक्का मारलेले?"

"तुमचं सरकार बी तसंच आलं न्हवं आमच्याकडं!"

दातार चिडले नाहीत. तिथेच तिच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "गोमाबाई, ह्या मुळ्या जमिनीत गेल्या नाहीत तर वड राहणार नाही. वड गेला तर मी खानदेशात जाईन आणि तू मैदानात."

गोमाबाईने हातातला बोंबील खाली ठेवला. ही तशी क्वचित घडणारी गोष्ट. मग म्हणाली, "येवडं हाय व्हय? मंग आदी बोलायला तुमच्या तोंडात बोंबील भरला व्हता का?"

दुसऱ्या दिवशी सगळे बांबू परत जागेवर. त्यांना असा वास मारत होता की शेळ्या आपणहून लांब राहिल्या. झोके घेणारी पोरंही गेली, पण ती वासाने नाही, गोमाबाईच्या जिभेने. खारं पाणी मुळाशी टाकायचं नाही असं दातारांनी बजावलं, तर ती विहिरीच्या पाण्यात मासे धुवायची आणि ते पाणी रोज बांबूत ओतायची. दिवाळीपर्यंत पारंब्या मातीला लागल्या. करंगळीएवढ्याच जाड, पण लागल्या. दातार रोज सकाळी एकेक हलकेच ओढून बघायचे. त्या खऱ्याखुऱ्या खांब व्हायला अजून कित्येक वर्षं लागणार हे त्यांना माहीत होतं, आणि आमच्याकडे तेवढी वर्षं नव्हती.

* * *

वर्ष भरत आलं होतं. मोठे साहेब आठवड्याभरात यायचे होते. भात कापून खळ्यावर आलेलं, आणि नेमकं तेव्हा बंदरावर धोक्याचा बावटा चढला.

सकाळीच समुद्र काळा पडला. होड्या वाळूवर ओढून घेतलेल्या होत्या, पण लाटा त्यांच्याही मागे येत होत्या. परत जाताना पाणी होड्यांना घेऊन जाणार हे उघड दिसत होतं. गोमाबाईचा नवरा महादू तांडेल जाडजूड दोर घेऊन वडाकडे आला, मागे सगळा कोळीवाडा. आणि दातार वडाला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभे राहिले!

"इथे होड्या बांधायच्या नाहीत! वर्षभर मी ह्याला कसा जपलाय! होड्या ओढतील आणि मुळासकट उपटून नेतील!"

महादू म्हणाला, "सायेब, होडी गेली तर पोरांनी खायाचं काय? तुमची सावली?"

दातार गोमाबाईकडे वळले. "गोमाबाई, तू तरी सांग. वड गेला तर तुझी जागा जाईल."

"आनी होडी गेली तर जागेवर बसून इकू काय?"

  दातारांनी पसरलेले हात खाली घेतले, बाजूला झाले आणि एकदम साहेबासारखे ओरडले, "फांदीला नाही! बुंध्याला, अगदी मुळाशी बांधा! आणि दोराखाली गोणपाट घाला, साल सोलू नका!" महादूने दोर आवळला. मग दुसऱ्या होडीचा, मग तिसरीचा. समुद्राच्या बाजूला सगळ्या होड्या, आणि सगळ्यांचे दोर एका वडाला.

आम्ही सगळे सेक्शनच्या गोदामात कोंडून बसलो. वाऱ्याचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं कळेना. आधी गोदामासमोरच्या चहाच्या हॉटेलाचं छप्पर गेलं, मग आमच्या ऑफिसचे पत्रे पानांसारखे उडाले. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगतो, ती स्वतःपेक्षा वडासाठी जास्त वाटत होती. दातार भिंतीकडे तोंड करून बसले होते. गोमाबाई पदर तोंडात धरून बसली होती. राघो हात जोडून पुटपुटत होता. मी कान लावला. "देवा, झाडाचं काय करायचं ते कर, पन सिमेटला भेग पडू दे!"

दुपार उलटल्यावर वारा पडला. आम्ही दार ढकलून बाहेर आलो.

वड उभा होता! अंगावर पान म्हणून नाही, पण उभा. कललेला होता तितकाच कललेला. एकूण एक होडी दोराला होती, काठोकाठ पाणी आणि वाळू भरलेली, दोर ताणून तारेसारखे झालेले. दातार चिखलातून गेले, बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि लहान पोरासारखे रडायला लागले. वहिनी पदर खोचून मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "लग्नात एवढे रडला नव्हतात!"

सिमेंटला भेग पडली नव्हती. राघोही रडत होता.

* * *

मोठ्या साहेबांना यायला चार दिवस लागले, कारण रस्त्यात हरिहरेश्वरचा शिरीष आडवा पडला होता. भादरल्यावर त्याला केरसुणीसारखे नुसते कोंब फुटले होते, शेंड्यालाच वाढून जड झालेले. पहिल्या सोसाट्यालाच तो झोपला. साहेब पुन्हा उपाशी, त्यामुळे आले ते भडकूनच. पण वड बघितला आणि जागीच थांबले. छडी बगलेत मारली आणि पहिल्यांदाच चालत थेट झाडाखाली येऊन उभे राहिले.

"दातार, एवढी झाडं गेली. हे कसं राहिलं?"

आता दातारांनी बोलायला हवं होतं. शेंडा, पोकळी, पारंब्या, सगळं सांगायची हीच वेळ होती. मी कोपराने ढोसलंसुद्धा. पण दातार म्हणाले, "होड्यांनी धरून ठेवलं, साहेब. वारा जमिनीकडे लोटत होता, त्या समुद्राकडे ओढत होत्या. त्या नसत्या तर गेलं असतं."

साहेब महादूकडे वळले. "म्हणजे तुमच्या होड्यांनी झाड वाचवलं?"

"छ्या! होड्यांत काय दम हाय, सायेब? वडानं धरलं म्हून होड्या वाचल्या."

"पण दातार म्हणतात होड्यांनी झाड धरलं."

"त्यांना काय कळतंय? वडानं होड्या धरल्या."

"होड्यांनी वड धरला," दातार म्हणाले.

साहेबांनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा होड्यांकडे, मग दोरांकडे. वैतागून गोमाबाईला विचारलं, "बाई, तुम्ही तरी सरळ सांगा. कोणी कोणाला धरून ठेवलं होतं?"

गोमाबाई आपल्या जागेवर पाटी मांडून बसली होती. तिने कोयती खाली ठेवली.

"सायेब, तुमचं लगीन झालंय न्हवं?"

"झालंय. त्याचा इथे काय संबंध?"

"मंग मला काय इचारता!"